दख्खनचा काळा कातळ आणि कर्बाचा जमाखर्च

राहाता हें गांव अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्याच्या उत्तर भागांत आहे. तालुक्याच्या उत्तरेस पुणतांब्याजवळून गोदावरी जाते व दक्षिणेस कोल्हारजवळून प्रवरा जाते. या दोन नद्यांमधला प्रदेश पेरूच्या बागांसाठीं आणि उसासाठीं प्रसिद्ध आहे. येथें कोणी नवी विहीर खणावयास घेतली, म्हणजे प्रथम काळी माती लागते. मातीच्या बुडाशीं चुनखडीचे पांढरे खडे मिळतात. त्याखालीं मुरूम येतो. आणि मुरमाखालीं कोठें भोंकाभोंकांचा मांजऱ्या दगड, तर कोठें सुरुंगाशिवाय न हलणारा काळा कातळ. विहीर खणणाऱ्याचें सारें लक्ष पाण्याकडे असतें, आणि तें योग्यच आहे. परंतु माती, चुनखडी, मुरूम व कातळ या चार थरांत पृथ्वीच्या इतिहासांतील एका मोठ्या उलथापालथीची हकीकत सांठविलेली आहे. हवेंत कर्ब किती वाढला, किती वेगानें वाढला, आणि वाढलेला कर्ब पुन्हां कसा कमी झाला, हा त्या हकीकतीचा गाभा आहे. आजच्या काळांत हा प्रश्न केवळ पंडितांपुरता राहिलेला नाहीं. म्हणून ती हकीकत थोडी सविस्तर पाहणें अगत्याचें आहे.

हा काळा कातळ म्हणजे बेसाल्ट, अर्थात् थिजलेला लाव्हा. ज्वालामुखी म्हटला कीं डोळ्यांपुढें शंकूसारखा पर्वत आणि त्याच्या मुखांतून उसळणाऱ्या ज्वाळा येतात. दख्खनचा प्रकार तसा नव्हता. येथें जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, आणि त्यांतून तप्त व पातळ असा रस वर येऊन सपाटीवर पसरला. एक लोट थिजला कीं कांहीं काळानें त्यावर दुसरा आला, त्यावर तिसरा आला, आणि असें शेंकडों वेळां घडलें. त्या भेगाही शेवटीं त्याच रसानें भरून थिजल्या. धुळें व नंदुरबार या भागांत त्या आजही काळ्या भिंतींसारख्या उभ्या दिसतात. लाव्ह्यांतील वायूचे बुडबुडे जेथें अडकून पडले, तेथें दगडाला भोंकें राहिलीं. पुढें त्यांत पाणी झिरपून नानाविध स्फटिक तयार झाले. नाशिककडे आणि नगरकडे विहिरींत व खाणींत सांपडणाऱ्या रंगीत गारगोट्या त्या याच. सिन्नर येथें त्यांचें एक संग्रहालय आहे.

अशा थरांची झीज होतांना प्रत्येक थराची कड पायरीसारखी पुढें राहते. सह्याद्रीच्या कोणत्याही कड्याकडे दुरून पाहिलें, तर या पायऱ्या सहज मोजतां येतात. स्वीडिश भाषेंत जिन्याला ‘ट्राप्पा’ म्हणतात. त्यावरूनच या खडकाला ‘डेक्कन ट्रॅप’ हें नांव पडलें. राहात्याच्या पश्चिमेस, याच जिल्ह्यांतील अकोले तालुक्याच्या सीमेवर कळसूबाईचें शिखर आहे. १६४६ मीटर उंचीचें हें महाराष्ट्रांतील सर्वोच्च शिखर आमूलाग्र अशा थिजलेल्या लोटांचें बनलेलें आहे. भूगर्भशास्त्रज्ञांनीं पश्चिम घाटांतील थरांचे तीन मोठे गट पाडले आहेत. त्यांपैकीं सर्वांत खालच्या, म्हणजे सर्वांत जुन्या गटास त्यांनीं कळसूबाईचेंच नांव दिलें आहे. त्यावर लोणावळा गट, आणि सर्वांत वर वाई गट. हे सर्व थर एकावर एक धरून मोजले, तर पश्चिम घाटांत त्यांची जाडी ३ किलोमीटरांच्या वर भरते. पूर्वेस नागपूरच्या बाजूस ती कमी होत जाते. आज या कातळानें सुमारें ५ लाख चौरस किलोमीटर भूमि व्यापिली आहे. मूळचा विस्तार याहून पुष्कळ मोठा होता. त्याचा कांहीं भाग झिजून गेला, कांहीं अरबी समुद्राखालीं गेला.

लोटांमागून लोट आले म्हणजे ते अखंड आले, असें मात्र समजूं नये. घाटांतील रस्त्यांच्या कापांत दोन काळ्या थरांमध्यें गेरूसारख्या लाल मातीचा पट्टा पुष्कळ ठिकाणीं दिसतो. एक लोट थिजल्यावर त्याचा पृष्ठभाग ऊनपावसानें कुजून माती होण्याइतका काळ गेला, आणि मगच वरचा लोट आला, हें तो पट्टा सांगतो. नागपूरच्या बाजूस तर या मधल्या काळांत तळीं व दलदली निर्माण झाल्या, त्यांत गोगलगाई व मासे राहिले, कांठावर ताडासारखीं झाडें वाढलीं, आणि पुढच्या लोटानें तें सारें झांकून टाकलें. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास नागपूर येथील मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनीं अशा अवशेषांचा संग्रह करून ते जगापुढें मांडले. चंद्रपूर जिल्ह्यांत वरोऱ्याजवळ पिसदुरा म्हणून गांव आहे. तेथें या कातळाच्या तळाशीं असलेल्या थरांत प्रचंड अशा डायनोसॉरांचीं हाडें व त्यांची दगड झालेली विष्ठा सांपडते. त्या विष्ठेंत गवताच्या पेशींचे सूक्ष्म वालुकामय कण असल्याचें २००५ सालीं भारतीय व परदेशी संशोधकांनीं दाखविलें. ऊस, ज्वारी आणि भात हीं ज्या कुळांतलीं, त्या कुळाचे पूर्वज त्या काळीं येथें उगवत होते आणि डायनोसॉर तें गवत खात होते, हें त्यावरून निश्चित झालें. लाव्हा वाहूं लागला तो निर्जीव भूमीवर नव्हे. तो भरल्या सृष्टीवर वाहिला.

हें केव्हां घडलें? सुमारें ६ कोटि ६० लाख वर्षांपूर्वीं. त्या काळीं भारताचा भूखंड आशियास येऊन मिळाला नव्हता. तो विषुववृत्ताच्या दक्षिणेस एका मोठ्या बेटासारखा होता व उत्तरेकडे सरकत होता. पृथ्वीच्या पोटांतील एका तप्त स्थानावरून तो जात असतां हा उद्रेक झाला, असें बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. तें स्थान आज हिंदी महासागरांतील रियुनियन बेटाखालीं आहे, आणि त्या बेटावरील ज्वालामुखी अद्यापि जागृत आहे.

काळ मोजण्याची रीत मोठी चातुर्याची आहे. लाल मातीच्या पट्ट्यांत दूरवरून उडून आलेल्या राखेंतले झिरकॉन नांवाचे बारीक स्फटिक मिळतात. त्यांत अत्यल्प युरेनियम असतें, आणि त्याचें ठराविक गतीनें शिशांत रूपांतर होत असतें. शिसें किती झालें तें मोजलें, कीं स्फटिकाचें वय निघतें. दुसरी रीत पोटॅशियमपासून होणाऱ्या अरगॉन वायूवर आधारलेली आहे. पहिल्या रीतीनें प्रिन्स्टन येथील संशोधकांनीं आणि दुसरीनें बर्कले येथील संशोधकांनीं हे थर मोजले. दोघांच्या मतें मुख्य उद्रेक दहा लाख वर्षांच्या आंत आटोपला. बहुधा तो सात-आठ लाख वर्षें चालला असावा. मनुष्याच्या दृष्टीनें हा काळ अफाट आहे, पण पृथ्वीच्या आयुष्यांत तो पापणी लवण्याइतका आहे. तेवढ्या अवधींत सुमारें दहा लाख घन किलोमीटर लाव्हा बाहेर पडला.

या आंकड्याची कल्पना यावी म्हणून इतिहासांतील एक उदाहरण घेणें बरें. १७८३ सालच्या जून महिन्यांत आइसलंड बेटांत लाकी येथें जमिनीस भेग पडली व आठ महिने लाव्हा वाहिला. सर्व मिळून तो सुमारें १५ घन किलोमीटर भरला. त्याबरोबर गंधकाचा वायु एवढा निघाला कीं गवत विषारी झालें, निम्म्याहून अधिक गुरेंमेंढरें मेलीं, आणि मागाहून आलेल्या दुष्काळांत बेटावरील सुमारें एकपंचमांश माणसें दगावलीं. त्याचें धुकें युरोपभर पसरलें होतें. आतां दख्खनचे मोठमोठे लोट पाहिले, तर एकेका लोटांत १००० घन किलोमीटर, म्हणजे लाकीच्या साठ-सत्तरपट, रस होता. कांहीं लोट तर महाराष्ट्रांतून निघून थेट राजमहेंद्रीपर्यंत पोंचले, असें त्यांच्या रसायनावरून दिसतें.

तथापि ज्या भूमीवर लाव्हा पसरला तेथील नाश हा या प्रकरणाचा लहान भाग होय. लाव्हा कितीही दूर गेला तरी तो एका देशापुरता. त्यांतून निघालेला वायु मात्र साऱ्या पृथ्वीचा झाला. हे वायु मुख्यतः दोन होते, आणि त्यांचे परिणाम परस्परविरुद्ध होते. पहिला गंधकाचा. तो हवेंत उंच गेला म्हणजे त्याचे बारीक अम्लबिंदु बनतात व ते सूर्याचे किरण अडवितात. त्यामुळें थंडी पडते व अम्लाचा पाऊस पडतो. पण हे बिंदु दोनचार वर्षांत धुवून जातात. दुसरा कर्बाम्ल वायु, ज्याला आज कार्बन डायऑक्साइड म्हणतात. त्याला ना रंग, ना वास. तो सूर्याचा प्रकाश आंत येऊं देतो, पण जमिनीची उष्णता बाहेर जाऊं देत नाहीं. शिवाय तो धुवून जात नाहीं. गंधक म्हणजे आला तसा गेलेला पाहुणा. कर्ब हा मुक्काम ठोकणारा.

येथें कर्बाचा जमाखर्च समजून घेतला पाहिजे. एखाद्या घराच्या वहीप्रमाणें पृथ्वीचीही एक वही आहे. हवेच्या खात्यांत कर्ब जमा होतो तो ज्वालामुखींतून, प्राण्यांच्या श्वासांतून, कुजणाऱ्या पाल्यांतून. खर्ची पडतो तो वनस्पतींच्या वाढींत आणि समुद्राच्या पाण्यांत. परंतु वनस्पति मेली, कुजली, कीं तिचा बहुतेक कर्ब परत हवेंत येतो. तो केवळ हातउसना व्यवहार झाला. कायमचा खर्च निराळाच आहे, आणि तो दगड करतो. पावसाचें पाणी हवेंतील व मातींतील कर्बाम्ल वायु घेऊन किंचित् आंबट होतें. असें पाणी बेसाल्टवर पडून मुरतें, तेव्हां दगड हळूहळू कुजतो, आणि त्यांतील चुन्याचा अंश कर्बाशीं संयोग पावून पाण्यांत उतरतो. नदी तो समुद्रांत नेते. तेथें शंखशिंपले व सूक्ष्म जीव त्याचीं कवचें बनवितात. तीं तळाशीं सांचून चुनखडक होतो. या देवघेवींत कर्बाचे दोन भाग हवेंतून घेतले जातात, एक भाग परत मिळतो, आणि एक दगडांत कुलूपबंद होतो.

हा व्यवहार पाहावयास समुद्रापर्यंत जावयास नको. राहात्याच्या विहिरींत काळ्या मातीखालीं जी चुनखडी लागते, ती याच खर्चाची नोंद आहे. येथें पाऊस थोडा. म्हणून कुजलेल्या बेसाल्टमधील सर्व चुना नदीला मिळत नाहीं, पाणी सुकतांना तो मातींतच बसतो. त्या पांढऱ्या खड्यांत एके काळीं हवेंत असलेला कर्ब बंद होऊन पडला आहे. आणि त्यावरची काळी माती तरी काय? ती त्याच कातळाचा कुजलेला अंश. म्हणजे ज्या लाव्ह्यानें एकदां हवेंत कर्बाची भर घातली, तोच लाव्हा दगड झाल्यापासून कर्ब परत घेत बसला आहे. बेसाल्ट इतर खडकांपेक्षां लवकर कुजतो. जगाच्या भूभागापैकीं फक्त वीसांश भाग त्याचा, परंतु खडकांच्या कुजण्यांत जो कर्ब खर्ची पडतो त्याच्या एकतृतीयांशाच्या आसपास भाग हा एकटा घेतो. दख्खनचा उद्रेक संपल्यावर या नव्या कातळाच्या कुजण्यानें हवेंतील कर्ब पूर्वीपेक्षांही कांहींसा खालीं आला असावा, असा फ्रेंच शास्त्रज्ञांचा हिशेब आहे.

मग एवढी उत्तम व्यवस्था असतां संकट येतें कशानें? तें वेगानें येतें. दगडाचें कुजणें हें काम मुंगीच्या पावलांनीं चालतें. जमा थोडथोडी वाढली, तर ऊब व पाऊस वाढून कुजणेंही वाढतें आणि तोल सांभाळला जातो. परंतु त्याला लाखांच्या हिशेबानें वर्षें लागतात. जमा एकाएकीं वाढली, तर खर्चाचा हात तिला गांठूं शकत नाहीं. मग हवा तापते, समुद्राचें पाणी आंबट होतें, कवचें बनविणाऱ्या जीवांना कवच बनविणें कठीण होतें, आणि उष्ण पाण्यांत प्राणवायु कमी मुरत असल्यानें खोल पाण्यांतले प्राणी गुदमरतात. कर्ब हा जीवसृष्टीचा शत्रु नव्हे; तो नसता तर गवताची काडी उगवली नसती. घातक असतो तो त्याच्या वाढीचा वेग.

दख्खनच्या उद्रेकाचा जमाखर्च वाचावयाची साधनें समुद्रतळाच्या गाळांत आहेत. कर्बाचे हलका व जड असे दोन स्थिर प्रकार आहेत. वनस्पति हलका कर्ब अधिक घेतात. म्हणून समुद्रांतील कवचांमध्यें या दोहोंचें प्रमाण कसें बदललें तें पाहिलें, म्हणजे वनस्पतींचा व्यवहार सुरळीत चालला होता कीं बंद पडला होता, बाहेरून कर्ब आला कीं काय, याचा अंदाज होतो. कवचांतील प्राणवायूच्या अशाच दोन प्रकारांवरून पाण्याची ऊब कळते. ज्वालामुखीबरोबर पाराही हवेंत जातो; त्याचा अंश गाळांत वाढलेला दिसला कीं उद्रेकाची साक्ष पटते. या साऱ्यांवरून असें दिसतें, कीं महासंहाराच्या तीनएक लाख वर्षें आधीं, म्हणजे मुख्य उद्रेकास आरंभ झाला त्या सुमारास, पृथ्वी २ ते ४ अंशांनीं तापली, आणि संहारापूर्वीं पुन्हां बरीचशी निवाली.

त्यानंतर तो संहार झाला. डायनोसॉरांपैकीं पक्ष्यांची शाखा तेवढी उरली, बाकी सर्व नष्ट झाले. समुद्रांतील सुंदर सर्पिल कवचांचे अमोनाइट गेले, पाण्यावर तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या बहुतेक जाति गेल्या. एकंदर जीवजातींपैकीं सुमारें तीनचतुर्थांश नाहींशा झाल्या. हें दख्खनच्या लाव्ह्यानें केलें काय? पुष्कळ वर्षें तसें मानणारा एक पक्ष होता व आजही आहे. परंतु १९८० सालीं लुई अल्व्हारेझ, त्यांचे चिरंजीव वॉल्टर अल्व्हारेझ व त्यांचे दोन सहकारी यांनीं एक निराळीच गोष्ट पुढें आणली. इटलींतील गुब्बिओ येथें, जुनी व नवी सृष्टि यांच्या सीमेवरील चिकणमातीच्या बोटभर थरांत इरिडियम हा दुर्मिळ धातु आजूबाजूच्या दगडांपेक्षां तीसपट त्यांना आढळला. हा धातु पृथ्वीच्या पृष्ठभागावर फार थोडा, पण आकाशांतून पडणाऱ्या अशनींत पुष्कळ असतो. त्यावरून दहाएक किलोमीटर व्यासाचा लघुग्रह पृथ्वीवर आदळला असला पाहिजे, असें अनुमान त्यांनीं काढलें. पुढें १९९१ मध्यें मेक्सिकोंतील युकाटान द्वीपकल्पांत चिक्शुलुब येथें, गाळाखालीं दडलेलें सुमारें १८० किलोमीटर रुंदीचें विवर ओळखण्यांत आलें, आणि अनुमानाचें प्रत्यक्ष प्रमाण मिळालें.

आज बहुसंख्य शास्त्रज्ञ मुख्य आघात लघुग्रहाचाच मानतात. धुरळ्यानें व गंधकाच्या अम्लबिंदूंनीं सूर्य झांकला गेला, वनस्पति मेल्या, आणि अन्नाची सांखळी मुळापासून तुटली. मतभेद आहे तो दख्खनच्या वाट्याविषयीं. २०१९ सालीं प्रिन्स्टनच्या व बर्कलेच्या मंडळींचे लेख एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकांत प्रसिद्ध झाले. प्रिन्स्टनच्या मतें लाव्हा चार मोठ्या उसळ्यांनीं आला, व त्यांतील एक मोठी उसळी संहाराच्या कांहीं दशसहस्र वर्षें आधीं सुरू झाली. बर्कलेच्या मतें बराचसा, म्हणजे सुमारें पाऊण हिस्सा लाव्हा संहारानंतर बाहेर पडला. एवढें मात्र दोघांनाही मान्य आहे, कीं लघुग्रह आदळला त्या काळीं दख्खन धगधगत होतें. सृष्टि आधींच थोडी अशक्त झाली होती काय, आणि घाव बसल्यावर तिला सांवरण्यास या लाव्ह्यानें विलंब लावला काय, याचा निकाल या जिल्ह्यांतील व शेजारच्या घाटांतील थरांवरूनच लागावयाचा आहे.

या निवाड्यांत दख्खन कांहीं अंशीं सुटलें, तरी कर्ब सुटत नाहीं. दुसरें एक प्रकरण याहून जुनें व याहून भयंकर आहे. सुमारें २५ कोटि २० लाख वर्षांपूर्वीं सैबेरियांत असाच, किंबहुना याहून मोठा, लाव्ह्याचा पूर आला. तेथें कोणत्याही लघुग्रहाचा सबळ पुरावा नाहीं. त्या वेळीं समुद्रांतील दर दहा जातींपैकीं आठ ते नऊ जाति नष्ट झाल्या. विषुववृत्ताजवळील समुद्र सुमारें ८ ते १० अंशांनीं तापला. आणि सृष्टि पूर्ववत् भरण्यास लाखों वर्षें लागलीं. असें कां झालें? तेथील तप्त रस नुसता जमिनीवर वाहिला नाहीं. तो दगडी कोळशाच्या, चुनखडकाच्या व मिठाच्या थरांत घुसला. युगानुयुगें जमिनींत पुरून ठेवलेला कर्ब त्या उष्णतेनें भाजून निघाला व एकदम हवेंत गेला. लाव्ह्यानें स्वतःच्या पदरचा कर्ब दिला तो निराळाच. जमिनीच्या तळघरांतली शिल्लक काढून उधळली, तेव्हां जगाचें दिवाळें वाजलें.

कोळसा जाळून हवेंत कर्ब सोडणें हें वाक्य आज सर्वांच्या ओळखीचें आहे. म्हणून शेवटीं एक हिशेब करून पाहणें योग्य होईल. शास्त्रज्ञांच्या एका प्रसिद्ध अंदाजाप्रमाणें दख्खनच्या दर घन किलोमीटर लाव्ह्यामागें सुमारें १ कोटि ४० लाख टन कर्बाम्ल वायु हवेंत गेला. दहा लाख घन किलोमीटरांस तो १४ लाख कोटि टन होतो. सात लाख वर्षांवर हा सारखा वांटला, तर सरासरी दर वर्षास २ कोटि टन पडतो. आतां मनुष्याकडे पाहावें. २०२३ या एका वर्षांत कोळसा, तेल व नैसर्गिक वायु जाळून आणि सिमेंट भाजून सुमारें ३७०० कोटि टन कर्बाम्ल वायु हवेंत सोडला गेला. म्हणजे दख्खनच्या सरासरी वर्षाच्या अठराशेंपट! जमिनीखालींच थिजलेल्या रसांतून निघालेला वायु धरून दख्खनचा आंकडा दहापट वाढविला, तरी मनुष्य शेंकडोपटीनें पुढेंच राहतो. आज जगांतील सर्व ज्वालामुखी मिळून वर्षास जेवढा वायु सोडतात, तो मनुष्याच्या सोडण्याच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून जो इंधनांतला वायु हवेंत गेला, त्याची बेरीज १ लाख ८० हजार कोटि टनांच्या घरांत जाते. दख्खननें लाखों वर्षांत जें केलें त्याचा अष्टमांश पावणेदोनशें वर्षांत उरकला. हवेंतील या वायूचें प्रमाण यंत्रयुगापूर्वीं दर दशलक्ष भागांत २८० होतें, तें २०२४ सालीं ४२० च्या वर गेलें होतें.

यावरून उद्यांच प्रलय होणार, असा भीतीचा अर्थ काढण्याचें कारण नाहीं. एकूण रकमेनें पाहिलें तर मनुष्य अजून सैबेरियाच्या जवळपासही गेलेला नाहीं. परंतु रक्कम लहान आहे म्हणून स्वस्थ बसणें हेंही शहाणपणाचें नव्हे. कारण खडकांनीं जो धडा दिला आहे तो रकमेचा नसून वेगाचा आहे. कर्बाचा दर आणि संहाराचें प्रमाण यांची सांगड पृथ्वीच्या इतिहासांत पुनःपुन्हां आढळते. दख्खनचा कर्ब सावकाश आला. तापलेली पृथ्वी तो पचवून पुन्हां निवाली. सैबेरियाचा कर्ब त्वरेनें आला, आणि पचविण्याआधींच सृष्टि कोसळली. आजचा वेग या दोहोंपैकीं कोणाच्या बाजूचा आहे, हें ज्यानें त्यानें वरील आंकड्यांवरून ठरवावें.

यावर असा प्रश्न निघेल, कीं बेसाल्ट जर कर्ब खातो, तर महाराष्ट्राला या कातळाची काय वाण आहे? त्याच्याकडूनच हें काम करवून घेतां येणार नाहीं काय? हा विचार शास्त्रज्ञांनाही सुचला आहे. बेसाल्टची बारीक भुकटी करून शेतांत पसरली, तर दगडाचा पृष्ठभाग वाढतो, कुजणें जलद होतें, आणि पिकालाही क्षारद्रव्यें मिळतात. भारतांत व परदेशांत असे प्रयोग चालूं आहेत. त्यांचें मोल कमी लेखूं नये. तथापि दगड फोडावयास, दळावयास व वाहून न्यावयास इंधन लागतें. आणि वर्षास ३७०० कोटि टनांच्या जमेपुढें हा खर्च कितपत पुरेल, याचा हिशेब प्रत्येकानें डोळे उघडे ठेवून करावा. ज्या घरांत मिळकतीच्या कितीतरीपट उधळपट्टी चालली आहे, तेथें नवा धंदा काढण्यापूर्वीं आधीं उधळपट्टीला आळा घालावा लागतो. वहीचा हा नियम शेतकऱ्याला, दुकानदाराला आणि गृहिणीला सारखाच ठाऊक आहे. जगाच्या वहीला तो निराळा नाहीं.

राहात्याच्या काळ्या मातींतील एक मूठ माती हातीं घेतली, तर तिच्यांत त्या जुन्या लाव्ह्याचा अंश असतो, आणि चुनखडीच्या खड्यांत त्या जुन्या हवेंतला कर्ब असतो. ही माती व्हावयास जो काळ लागला, तो कोणालाही विकत घेतां येणार नाहीं. तिच्यावर पेरू व ऊस पिकतो तो पृथ्वीनें सावकाशीनें फेडलेल्या एका जुन्या कर्जावर. नव्या कर्जाची फेड मात्र याच मातीनें त्याच चालीनें करावयाची आहे; आणि तिची चाल कोणाच्या निकडीनें वाढत नाहीं.